‘हातघडणीचा कच्छी चांदीचा टी-सेट’ घेताय? आधी आत्याचा अनुभव वाचा

माझ्या आत्याच्या गळ्यात मुंबईतल्या एका प्रदर्शनात तीन भांड्यांचा ‘चांदीचा’ टी-सेट मारला गेला. चहादाणी, दूधदाणी, साखरदाणी. भांडी नवीन, पण घडण साहेबी अमदानीतल्या कच्छी कामासारखी, शंभर टक्के हातची आणि चांदी 92.5 टंचाची (म्हणजे 92.5 टक्के शुद्ध), असं विक्रेत्याने छातीठोक सांगितलं.

हे काम मुळात फार सुंदर आहे. एकोणिसाव्या शतकात भूजचे उमरसी मावजी कच्छच्या महारावांसाठी आणि गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी अशी भांडी घडवत. घडण विलायती, अंगावर मात्र दाट वेलबुट्टी, मधूनच पशुपक्षी. अस्सल जुन्या भांड्यांना आज मोठी किंमत येते, म्हणून त्या धाटणीची नवी भांडी बनतात. त्यात गैर काही नाही. चीड येते ती या कारागिरीच्या नावावर पितळ विकणाऱ्यांची.

आत्याने चहा करण्याआधी चहादाणीत उकळतं पाणी ओतलं आणि बुडाच्या सांध्यातून काळी, चिकट राळ पाझरू लागली. मूठही हात लावू देईना. जुन्या चहादाण्यांच्या मुठीत हस्तिदंताच्या चकत्या बसवलेल्या असत, कारण चांदी झटकन तापते. इथे तसं काहीच नव्हतं.

पुण्यात ओळखीच्या सराफांकडे भांडी नेली. त्यांनी बुडाशी कानस मारताच खाली पिवळं पितळ दिसलं. चांदीचा नुसता मुलामा होता आणि वजन वाढवायला बुडात राळ भरलेली. पैसे मात्र सगळ्या वजनाचे, चांदीच्या भावाने, वर भरमसाट घडणावळ! साखरदाणीच्या दोन्ही बाजूंना नक्षीतल्या त्याच पानावर, त्याच जागी तोच ओरखडा होता. हाताने ठोकलेल्या कामात असं होत नाही, हा साच्याचा माल.

मग विक्रेत्याने दाखवलेली 92.5 ची मशीनची चिठ्ठी? ती एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणारी, मशीन वरचा पातळ थरच वाचते. मुलामा जाड असला की चिठ्ठी चांदीच सांगणार. म्हणून बुडाखाली, सांध्यापाशी कानस मारून टंच काढून द्यायला सांगा. जो नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका. भूजचा छाप आणि शेजारी जहाजाच्या नांगराचं चिन्ह, म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा हॉलमार्क (शुद्धतेचा शिक्का), असं एकत्र दिसलं तरी थांबा. ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी हॉलमार्कची पद्धतच नव्हती, कारागीर आपापले छाप मारत.

बिलावर फक्त ‘सिल्व्हर टी-सेट’ आणि एकरकमी किंमत लिहिली होती. आता विक्रेता म्हणतो, शुद्ध चांदी असं लिहून कुठे दिलंय? तेव्हा निव्वळ चांदीचं वजन, टंच आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. चिठ्ठी, बिल आणि कानस मारलेलं बूड जपून ठेवलंय. त्या प्रदर्शनातून कुणी असाच सेट घेतला असेल, तर तो तपासून घ्या आणि तुम्हीही तक्रार करा.