ओपनफोम : विद्यार्थ्यांच्या रेसकार संघांना कितपत उपयोगी?

फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या महाविद्यालयीन संघांना परीक्षा आणि प्रायोजक सांभाळून गाडीचे पुढचे-मागचे पंख आणि तळाचा आकार ठरवण्यासाठी जेमतेम काही महिने मिळतात. पूर्ण आकाराची गाडी मावेल असे विंड टनेल (गाडीवर हवा सोडून चाचणी घेण्याचा बोगदा) बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असते, आणि कार्बन फायबरचा साचा एकदा तयार झाल्यावर पंखाचा आकार बदलायचा म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून पंखाच्या अनेक आवृत्त्या संगणकावर तपासायच्या आणि त्यांतली एकच प्रत्यक्ष बांधायची, ही रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. हवेच्या प्रवाहाचे हे गणित, म्हणजे सीएफडी, करणारे ओपनफोम हे सॉफ्टवेअर अशा संघांनी स्वीकारावे का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस ज्याची सुरुवात झाली, तो हा संच 2004 मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सर्वांना खुला झाला. किंमत शून्य, हा त्याचा सर्वांना दिसणारा गुण. पण संघाच्या दृष्टीने त्याहून मोठी सोय अशी, की किती प्रोसेसरांवर आणि एका वेळी किती गणिते चालवावीत यावर परवान्याचे कसलेही बंधन नाही. प्रयोगशाळेतले सगळे संगणक सुट्टीच्या दिवशी कामाला लावले तरी कोणाला विचारावे लागत नाही. गंमत म्हणजे फॉर्म्युला वनच्या संघांना ही मोकळीक नाही : तिथे 2021 पासून विंड टनेल आणि सीएफडी या दोन्हींचा वाटा क्रमवारीनुसार ठरतो, आणि विजेत्या संघाच्या पदरी सर्वांत कमी पडतो.

कामाची पद्धत मात्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला बिचकवणारी आहे. बटणे आणि मेनू जवळजवळ नाहीतच. गाडीभोवतीच्या हवेचे लहान लहान तुकडे पाडणारी जाळी कशी विणायची, हवा किती वेगाने येते, चाके कशी फिरतात, हे सारे साध्या मजकुराच्या फायलींत लिहावे लागते, आणि एखादा अर्धविराम राहिला तर गणित सुरूच होत नाही. हाच त्रास पुढे फायद्याचा ठरतो. मजकुराची फाईल असल्यामुळे पंखाच्या फ्लॅपचा (मागच्या पट्टीचा) कोन दोन-दोन अंशांनी बदलत जाणारी दहा-बारा गणिते एका छोट्या स्क्रिप्टने रांगेत लावता येतात, आणि सकाळी प्रत्येकाचा डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारे हवेचे बल) आणि ड्रॅग (मागे खेचणारा हवेचा विरोध) एकाच तक्त्यात समोर असतो. रचनेला खरा वेग येतो तो इथे. एकेक गणित इतर पॅकेजपेक्षा झटपट सुटते, असे समजण्याचे कारण नाही.

सोबत मिळणाऱ्या उदाहरणांपैकी मोटरबाईकचे उदाहरण बहुतेक संघ उचलतात, मोटारसायकलच्या जागी आपली गाडी बसवतात आणि पुढे जातात. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याची ही सवय महागात पडू शकते. त्या उदाहरणात वेग सेकंदाला 20 मीटर आणि संदर्भ क्षेत्रफळ 0.75 चौरस मीटर धरलेले असते. बलाचे आकडे बरोबर आले तरी, हे क्षेत्रफळ न बदलल्यास त्यांना वेग आणि क्षेत्रफळ यांच्या हिशेबाने भागून काढलेले गुणांक चुकतात, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. वेळ वाचवण्यासाठी अर्धीच गाडी घेऊन मधोमध सममितीचे प्रतल (दुसरी बाजू आरशासारखी तशीच धरणारी सीमा) लावले, तर क्षेत्रफळही निम्मे करावे लागते. शिवाय त्या उदाहरणातली चाके फिरत नाहीत. उघड्या चाकांच्या गाडीत चाकामागचा प्रवाह फिरण्यामुळे बराच बदलतो, म्हणून त्यांना फिरत्या भिंतीची अट (चाकाचा पृष्ठभाग फिरतो आहे असे सांगणारी नोंद) स्वतः द्यावी लागते.

या स्पर्धांतल्या गाड्यांचा वेग मुळात कमी असतो, त्यामुळे आकड्यांचे भान ठेवणे आवश्यक आहे. डाउनफोर्सचा गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार 3 चौरस मीटर असलेल्या गाडीवर सेकंदाला 15 मीटर वेगाने सुमारे 400 न्यूटन, म्हणजे साधारण 41 किलो वजनाइतका दाब पडतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. वळणांवरच्या या वेगात जाळी बदलताच दहा-पंधरा टक्क्यांनी हलणारा निकाल हाती आला, तर दोन पंखांतला पाच टक्क्यांचा फरक निरर्थक ठरतो. म्हणून एकाच आकाराचे गणित आधी तीन वेगवेगळ्या जाळ्यांवर करून पाहावे. स्नॅपीहेक्समेश ही जाळी विणणारी आज्ञावली समर्थ आहे, पण पंखाच्या पातळ मागच्या कडेशी आणि पृष्ठभागालगतच्या थरांत ती हमखास हट्ट धरते; माझ्या मते नवशिक्याचा निम्मा वेळ तिथेच जातो. स्थिर प्रवाहाच्या गणितात पंखाच्या पृष्ठभागापासून हवा सुटू लागली की आकडे खालीवर डोलतात, तेव्हा शेवटचा आकडा न घेता शेवटच्या काही शे आवर्तनांची (गणिताच्या फेऱ्यांची) सरासरी घ्यावी.

संगणकावर संपूर्ण भिस्त ठेवल्याचे प्रसिद्ध उदाहरण 2010 चे आहे. अभियंते निक विर्थ यांनी व्हर्जिन संघाची व्हीआर-01 ही फॉर्म्युला वन गाडी विंड टनेलशिवाय, केवळ सीएफडीवर उभी केली; त्या हंगामात आणि पुढच्याही हंगामात संघाला एकही गुण मिळाला नाही, आणि 2011 च्या मध्यावर संघाने विर्थ यांच्याशी असलेले संबंध संपवले. त्या गाडीची इंधनटाकीच लहान निघाली होती, हा दोष अर्थातच हवेच्या गणिताचा नव्हता, आणि संघाचे अंदाजपत्रकही तुटपुंजे होते. तरीही पडताळणीचा दुसरा मार्ग हाताशी असावा, हे खरेच. विद्यार्थी संघांना त्यासाठी मोठा खर्च येत नाही : पंखावर लोकरीचे धागे चिकटवून चित्रीकरण करावे, आणि सरळ रस्त्यावर स्थिर वेगात सस्पेन्शन किती दबते ते मोजून त्यावरून डाउनफोर्स काढावा.

ओपनफोमच्या दोन वेगळ्या शाखा आहेत, हे उतरवून घेण्यापूर्वी ठाऊक हवे. एका शाखेच्या आवृत्त्यांना 11, 12 असे साधे क्रमांक असतात, दुसरीत व्ही2312 असे वर्ष-महिन्याचे. आज्ञांची नावेही जुळत नाहीत; पहिल्या शाखेत 11 व्या आवृत्तीपासून स्थिर प्रवाहाचे गणित चालवणाऱ्या सिंपलफोम या आज्ञेची जागा फोमरनने घेतली आहे, त्यामुळे जुन्या सिंपलफोमवर बेतलेले धडे तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. विंडोज असलेल्यांना डब्ल्यूएसएलवर (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) काम भागते. ज्या संघात दुसऱ्या वर्षाचे एक-दोन विद्यार्थी यात मन घालून पुढची दोन वर्षे टिकणार आहेत, त्यांनी ओपनफोम जरूर घ्यावे. ज्यांची स्पर्धा तीन महिन्यांवर आली आहे आणि शिकवणारे कोणी नाही, त्यांनी यंदा एखाद्या व्यावसायिक पॅकेजचा विद्यार्थी परवाना मिळवावा आणि ओपनफोम पुढच्या गाडीसाठी राखून ठेवावे.