राजीनामा लिहून घेतला आणि 1,18,300 रुपये बुडवले

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एमआयडीसीत पुन्हा ‘राजीनामा द्या, हिशोब घ्या’ सुरू झालं, तेव्हा हे लिहिलं. मशिन शॉपला 11 वर्षं पर्मनंट होतो. पगार 18,200, त्यात बेसिक आणि डीए 14,300.

2020 च्या जूनमध्ये एचआरने एकेकाला केबिनमध्ये घेतलं. लॉकडाऊनचा पूर्ण पगार द्या, असा 29 मार्च 2020 चा गृह मंत्रालयाचा आदेश 18 मेपासून मागे घेतला गेला होता. साहेब म्हणाले, “सरकारनेच हात वर केलेत. सही केली तर पैसे आठवड्यात खात्यात, नाही तर बसा कोर्टात.” धडधडीत खोटं. तो आदेश फक्त पगाराचा होता. औद्योगिक विवाद कायद्यातलं कामगार कपातीचं कलम 25 एफ तेव्हा, 2020 मध्येही, लागू होतं.

मला तिथेच कळायला हवं होतं. राजीनामा आधीच टाइप केलेला. सही झालेल्या कागदांचा गठ्ठा टेबलावर होता, वरच्या कागदावर ‘घरगुती अडचणीमुळे’. माझ्याही कागदावर तेच. तारीख 31 मे, आणि मी सही करत होतो 9 जूनला. अख्ख्या लाइनला एकाच दिवशी घरगुती अडचण येते? डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी पेन हातात घेतलं. पण मार्चपासून पूर्ण पगार नव्हता, भाडं थकलेलं, घरात आईची औषधं. त्या खुर्चीत बसल्याशिवाय कुणी मला शिकवू नये.

खात्यात आले 90,750. म्हणजे निव्वळ ग्रॅच्युइटी, जी राजीनामा दिला तरी मिळतेच! कपातीची भरपाई वेगळी असते: दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, म्हणजे 9,100 गुणिले 11, झाले 1,00,100. वर नोटिशीच्या महिन्याचे 18,200. ‘हिशोब पूर्ण’ म्हणतात तेव्हा ग्रॅच्युइटी आणि कपातीचे पैसे वेगवेगळे लिहून मागा. नुसत्या बेरजेवर सही करू नका.

कामगार खात्याच्या ऑफिसात गेलो तर पहिलं वाक्य, “राजीनामा दिलाय ना, मग आमच्याकडे कशाला आलात?” मागची तारीख दाखवली, कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ज घ्यायला तयार नव्हते, घेतला तर पोच देईनात. कंपनीचा माणूस तारखेला येत नाही, त्याला कुणी विचारत नाही. मी दहा मिनिटं उशिरा पोचलो तर फाइल खाली. समेटाचा, म्हणजे कंपनीशी तडजोड घडवून द्या असा, अर्ज करून 45 दिवस झाले की कामगार स्वतः थेट कामगार न्यायालयात जाऊ शकत होता, त्याला तेव्हाच्या कायद्यात काढल्यापासून 3 वर्षांची मुदत होती, हे सांगायचं काम कुणाचं? मला ते दुसऱ्या एका कंपनीतल्या युनियनवाल्याने सांगितलं. पगार घेणाऱ्या एकाही साहेबाने नाही!

तेव्हाच्या कायद्यात कारखान्यात 100 किंवा जास्त कामगार असतील तर कपातीला सरकारची आधी परवानगी लागायची. ती टाळायलाच राजीनामे घेतात. काढायचं असेल तर काढल्याचं पत्र द्या म्हणा. केबिनमध्ये एकटे जाऊ नका. सही टळतच नसेल तर तारीख स्वतःच्या हाताने घाला आणि कागदाचा फोटो काढा. अर्जाला आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मी आता न्यायालयात जातोय. आमच्या लाइनवर 9 जूनला ज्यांनी सह्या केल्या, त्यांनी आपापल्या राजीनाम्याची प्रत शोधून ठेवा. सगळ्यांचं कारण आणि तारीख एकच आहे, हे मला न्यायाधीशांसमोर मांडायचंय.