बाळाच्या प्युरीसाठी घेतलेले हातयंत्र

मुलीला ६ महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करायचे म्हणून सीताबर्डीतील एका दुकानातून हाताने फिरवायचे, स्टीलच्या जाळीचे प्युरीयंत्र घेतले. सफरचंद सोलून, बिया काढून, बोटाने सहज दाबले जाईल इतके वाफवून त्यातून फिरवले की रेषा जाळीवरच अडकतात आणि खाली मऊसूत गर उतरतो. मिक्सरमध्ये जेमतेम तीन-चार चमच्यांचे फळ भांड्याच्या कडेला चिकटून बसते आणि पाते नुसतेच फिरत राहते. पिकलेली पपई न वाफवताही छान निघते. केळ्याला मात्र यंत्र कशाला, काट्याने कुस्करले की झाले.

नागपुरात राहून संत्रे घालून पाहिले नाही असे कसे होईल? पण जाळीतून निव्वळ रस निथळला आणि वर्षाच्या आतील बाळाला फळांचा रस देऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असल्याने तो आजोबांनी प्यायला.

खरी तक्रार दांड्याची आहे. तो दुसऱ्याच आठवड्यात ढिला झाला आणि दुकानदाराने बदलून देण्यास साफ नकार दिला. शिवाय जाळीच्या कडेच्या खाचेत गर सुकतो, म्हणून वापरल्याबरोबर लहान ब्रशने घासून उकळत्या पाण्यात टाकावे लागते.