सॉकेट मुख्य थ्रेडवर ठेवायचं की वेगळ्या?

क्यूटीत, म्हणजे खिडक्या-बटणांची ॲप लिहायच्या सी++ लायब्ररीत, डेस्कटॉप ॲप लिहिताना नेटवर्कवरून सतत डेटा घ्यायचा असेल, तर दोन वाटा समोर येतात. सॉकेट (नेटवर्क जोडणीचं आपल्याकडचं टोक) मुख्य थ्रेडवरच, म्हणजे खिडकी चालवणाऱ्या कामाच्या धाग्यावरच ठेवायचं आणि डेटा आल्याचा रेडीरीड सिग्नल आला की वाचायचं, ही एक. वेगळा थ्रेड काढून त्यात डेटा येईपर्यंत अडवून ठेवणाऱ्या वेटफॉररेडीरीड या फंक्शनवर थांबून राहायचं, ही दुसरी. मी दुसऱ्या वाटेने सुरुवात केली, एक अख्खा गळीत हंगाम काढला आणि मग पहिलीवर आलो.

काम एका साखर कारखान्याच्या ऊसकाट्याचं होतं. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारं यंत्र) टीसीपी या नेटवर्क पद्धतीने सेकंदाला दहाएक वेळा वजन पाठवायचा. ते स्क्रीनवर दाखवायचं आणि आकडा स्थिरावला की पावती छापायची, एवढंच.

थांबून वाचणाऱ्या थ्रेडचं एक सुख मान्य करायलाच हवं. कोड वरून खाली सरळ वाचता येतो: जोडा, कमांड पाठवा, उत्तराची वाट बघा, पुढची कमांड पाठवा. सिग्नलच्या पद्धतीत हेच काम चार स्लॉटमध्ये (सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनांत) विखुरतं, आपण कुठल्या टप्प्यावर आहोत हे स्वतः लक्षात ठेवावं लागतं आणि वेळ संपल्याचं कळायला टायमरही वेगळा लावावा लागतो. नवीन मुलाला कोड समजावून सांगताना हा फरक जाणवतो.

माझी गाडी अडली ती मात्र ॲप बंद करण्यापाशी. पाळी बदलली की काट्यावरचा माणूस खिडकी बंद करायचा आणि दुसरा येऊन पुन्हा उघडायचा. खिडकी दिसेनाशी व्हायची, पण थ्रेड वेटफॉररेडीरीडमध्येच अडकलेला. त्याची ठरलेली मुदत 30 सेकंद असते, आणि मी तर उणे एक देऊन ती कायमची करून ठेवली होती. इंडिकेटर गप्प असेल, तर प्रोसेस टास्क मॅनेजरमध्ये तशीच जिवंत राहायची. त्यातच हा इंडिकेटर एका वेळी एकच कनेक्शन घेणारा. म्हणजे नव्याने उघडलेलं ॲप जोडलंच जायचं नाही, आणि बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग.

यावर मी काय काय केलं नाही! मुख्य थ्रेडवरून सॉकेट बंद करून पाहिलं, तर सॉकेट नोटिफायर (सॉकेटवरच्या हालचालीची खबर देणारे क्यूटीचे घटक) दुसऱ्या थ्रेडवरून चालू-बंद करता येत नाहीत, असा इशारा आला. तो बरोबरच आहे, कारण सॉकेट ज्या थ्रेडचं, त्यानेच ते हाताळायचं असतं. थ्रेड जबरदस्तीने मारणारं टर्मिनेट वापरलं, पण त्याने थ्रेड कुठल्याही ओळीवर मरतो, हातात सामायिक डेटावरचं लॉक असलं तरी. शेवटी मुदत 200 मिलिसेकंदांवर आणली आणि प्रत्येक फेरीत थांबण्याचा झेंडा (आता थांबायचं का हे सांगणारा व्हेरिएबल) तपासू लागलो. हे चाललं. पण वेटफॉररेडीरीड मुदत संपली तरी फॉल्स देतं आणि कनेक्शन तुटलं तरी फॉल्सच, त्यामुळे दर वेळी एरर तपासणं आलं. शिवाय विंडोजवर हे फंक्शन अधूनमधून अपयशी ठरू शकतं, असं क्यूटीच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. कारखान्यातली सगळी यंत्रं विंडोजची.

सॉकेट मुख्य थ्रेडवर आणल्यावर खिडकी बंद करताना सॉकेटला फक्त अबॉर्ट (जोडणी लगेच तोड) म्हणायचं, की झालं. सहा महिन्यांत एकदाही प्रोसेस मागे राहिली नाही. दहा ओळी प्रति सेकंद वाचायला वेगळा थ्रेड लागत नाही, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने पटलं.

या वाटेवरही एक खड्डा आहे. पावती छापताना मुख्य थ्रेड तीन-चार सेकंद अडायचा. तेवढ्यात आलेली वजनं बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साचायची आणि मोकळं होताच एकामागून एक धावायची, म्हणजे स्क्रीनवर मागच्या गाडीचं वजन. मी दोन गोष्टी केल्या: छपाई थ्रेडपूलमध्ये, म्हणजे मागे काम करणाऱ्या थ्रेडांकडे ढकलली आणि साचलेल्या बाइटांतली शेवटची पूर्ण ओळच घेतली. पूर्ण ओळ महत्त्वाची, कारण टीसीपीत एका रेडीरीडला अर्धा आकडाही येऊ शकतो. 18340 मधलं नुसतं 183 वाचलं तर शेतकऱ्याचं नुकसान आहे.

केबल निघाली तर मात्र दोन्हीकडे सारखीच अडचण: डिस्कनेक्टेड सिग्नल लगेच येत नाही. दोन सेकंद वजन आलं नाही तर आकडा लाल करणारा टायमर मी मुख्य थ्रेडवर ठेवला. तिथे तो तीन ओळींत बसतो.

तुमची यंत्रं पुष्कळ असतील किंवा आलेल्या डेटावर जड हिशेब असेल, तर सॉकेट वेगळ्या थ्रेडवर न्यायला हरकत नाही. फक्त त्या थ्रेडला स्वतःचा इव्हेंट लूप (आलेले सिग्नल पोहोचवत राहणारं चक्र) द्या आणि सॉकेट त्या थ्रेडमध्येच तयार करा. मुख्य थ्रेडवर बनवून तसंच तिकडून वापरलंत, तर पालक ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडमध्ये असल्याची तक्रार कन्सोलवर दिसेल. बंद करताना आधी सॉकेट त्याच्याच थ्रेडवर बंद करवा, मग क्विट (लूप थांबवणं) आणि वेट (थ्रेड संपेपर्यंत थांबणं). निव्वळ प्रश्न-उत्तराच्या, छोट्या, एकदाच चालणाऱ्या कामाला थांबून वाचणारा थ्रेडही चालेल. दिवसभर उघड्या राहणाऱ्या खिडकीसाठी मी तरी तो पुन्हा घेणार नाही.