फेरोफ्लुइड सेल : घेण्याआधी एकच एलईडी लावून पाहा

फेरोफ्लुइड सेल म्हणजे चुंबकाला प्रतिसाद देणाऱ्या द्रवाचा (फेरोफ्लुइडचा) पातळ थर असलेली काचेची खिडकी. तिच्या जाहिरातीत 'चुंबकाच्या बलरेषा डोळ्यांनी पाहा' असं लिहिलेलं असतं. ते खरं मानून घेऊ नका. काचेवर उमटणाऱ्या त्या झळाळत्या कमानी बलरेषा नाहीत, आणि याची खात्री अर्ध्या मिनिटात होते. चुंबक जागचा न हलवता फक्त डोकं बाजूला न्या, कमानी सरकतात. चुंबकक्षेत्र काही पाहणाऱ्याच्या डोक्यासोबत हलत नाही. तरीही हे उपकरण घेण्याजोगं आहे, कारण ते जे खरोखर दाखवतं ते बलरेषांच्या चित्राहून जास्त रंजक आहे.

रचना अशी: काचेच्या दोन चकत्या, मध्ये साधारण १० मायक्रोमीटर जाडीचा फेरोफ्लुइडचा थर आणि कडेने एलईडींची कडी. ५० मिलिमीटर व्यासाच्या खिडकीला एवढ्या जाडीसाठी जेमतेम २० मायक्रोलिटर द्रव पुरतो, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. द्रवात सुमारे १० नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) कण हलक्या तेलात तरंगत असतात. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचं आवरण असतं. नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ साली असा द्रव बनवला तो वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन चुंबकाने ओढून आणता यावं म्हणून. प्रकाशाचा खेळ ही त्याची नंतर सापडलेली बाजू.

चुंबक जवळ आणला की कण क्षेत्राच्या दिशेने साखळ्या धरतात, आणि प्रत्येक साखळी सूक्ष्म दांडीसारखी प्रकाश विखुरते. दांडीवर पडलेला किरण शंकूच्या आकारात पसरतो: येताना दांडीशी जो कोन असतो, तोच जाताना राहतो. त्यामुळे थरातल्या ज्या बिंदूंवर साखळीचा कोन एलईडीशी आणि आपल्या डोळ्याशी बरोबर जुळतो, तेवढेच बिंदू चमकतात. ते सगळे जोडले की एक वक्र दिसतो. चरे पडलेल्या स्टीलच्या झाकणावर दिव्याची तिरीप चऱ्यांना आडवी दिसते, त्याच जातीची ही गोष्ट. चुंबकाचा ध्रुव थेट काचेखाली धरला तर मधोमध काळी चकती दिसते. तिथल्या साखळ्या आपल्या नजरेच्या रेषेत उभ्या असतात आणि कडेच्या एलईडीचा प्रकाश त्यांच्यावरून डोळ्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे क्षेत्र शून्य आहे असा अर्थ काढणं चूक आहे. बहुधा तिथेच ते सर्वांत तीव्र असतं.

म्हणून घेताना पहिली अट: एलईडी एकेक करून बंद-चालू करता आले पाहिजेत. सगळे एकदम पेटवले की चित्र देखणं होतं, पण कोणता वक्र कोणत्या दिव्याचा हे कळत नाही. एक एलईडी, एक वक्र. चुंबक सावकाश फिरवा आणि तो वक्र कसा वाकतो ते पाहा. आरजीबी (लाल-हिरवे-निळे रंग देणारी) पट्टी असेल तर शेजारच्या दिव्यांना वेगळे रंग देऊन हेच साधतं. मात्र निळ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मॅग्नेटाइट निळा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे लाल आणि हिरव्या रेषा ठळक येतात.

थराचा दर्जा पांढऱ्या कागदावर तपासा. रंग पिवळसर तपकिरी हवा, सगळीकडे सारखा हवा आणि खालची अक्षरं वाचता यायला हवीत. एका बाजूला गडद असेल तर काचा समांतर नाहीत. थर जाड किंवा द्रव दाट असेल तर प्रकाश आतल्या आत अनेकदा विखुरतो आणि रेषांऐवजी धुरकट डाग दिसतात. बुडबुडा कडेला असेल तर चालून जातो, मध्ये असेल तर सेल परत करा.

आणखी एक कसोटी पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेत (अक्षात) कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या पट्टीची. एकमेकांना आडव्या ठेवलेल्या दोन पोलरायझरांमध्ये सेल धरा आणि खालून उजेड द्या. चुंबकाशिवाय अंधार हवा. आधीच उजळ ठिपके दिसले तर काचेत ताण आहे किंवा काचेऐवजी प्लॅस्टिक वापरलंय. मग ध्रुव जवळ आणा, उजळ भागावर काळी फुली उमटते. साखळ्या पोलरायझरच्या अक्षाला समांतर किंवा काटकोनात असतात तिथे काळं, ४५ अंशांवर सर्वांत उजळ. साओ पाउलो विद्यापीठातल्या आल्बेर्तो तुफाइल यांच्या गटाने अशाच सेलवर ध्रुवीकरणाचं काम केलं आहे. माझ्या मते एलईडीच्या कडीपेक्षा हा भाग अधिक शिकवतो, आणि बहुतेक संचांत पोलरायझर नसतातच, ही मोठी उणीव आहे.

स्वतः भरायचा संच घेतलात तर तेलातला फेरोफ्लुइडच घ्या आणि तो हलक्या खनिज तेलाने पातळ करा. सम प्रमाणापासून सुरुवात करून वरची कागदाची चाचणी लावत जा. खूप पातळ केला तर आवरण सुटून कण गोळा होतात. सील इपॉक्सीने करा. सिलिकोन रबर अशा तेलात फुगतं आणि कडेने गळती सुरू होते.

तयार सेलही बिघडतो तो बहुतेक वेळा चुंबक तसाच ठेवून दिल्यामुळे. रात्रभर चुंबकाखाली राहिलेल्या थरात गुठळ्या होऊ शकतात. चुंबक काढल्यावर रेषा थोड्याच वेळात विरल्या पाहिजेत. डाग मागे राहिला तर गुठळ्या झाल्या आहेत असं समजा. निओडिमियम चुंबक आणि काच यांच्यामध्ये २-३ मिलिमीटरचा पुठ्ठा ठेवा, नाहीतर मागे दुसरा चुंबक असला की दोन्ही झेपावतात आणि मधली काच तडकते. पेसमेकर असलेल्या व्यक्तीजवळ हे चुंबक नेऊ नका.