‘बाईपण’ इंग्रजीत नेताना: म्यूलिएब्रिटी, फेमिनिनिटी की वूमनहुड?

मराठी कथेतलं ‘बाईपण’ इंग्रजीत न्यायचं तर शब्दकोश तीन शब्द पुढे करतो. निवडण्याआधी त्यांची मुळं पाहून घ्यावीत.

‘म्यूलिएब्रिटी’ आज जवळजवळ विस्मृतीत गेलाय. १६व्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत आढळू लागला, ‘व्हिरिलिटी’ म्हणजे पुरुषत्वाचा जोडशब्द म्हणून. मागे आहे लॅटिन ‘मुलिएर’. ऐकताना ‘मुलगी’ आठवते, पण दोघींचं काही नातं नाही. उलट मुलिएर ही जाणती, संसारातली बाई. कुमारिकेला ‘व्हिर्गो’ हा निराळा शब्द होता. पोर्तुगीजमधला ‘मुल्येर’ त्याचाच वारस. गोव्यात पोर्तुगीज जाणणाऱ्यांना तो लगेच ओळखू येईल. अर्थानं हा शब्द आपल्या बाईपणाच्या फार जवळचा आहे, आणि म्हणूनच तो सोडताना मला वाईट वाटतं. पण सोडावा लागतो. व्हिरिलिटी बोलण्यात टिकली, तिची जोडीदारीण पुस्तकांत अडकली. शेतातून घरी येऊन चूल पेटवणाऱ्या बाईच्या वाक्यात हा शब्द घातला, तर वाचक तिला सोडून शब्दकोशाकडे वळेल. शिवाय ७व्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिदोर यानं आपल्या ग्रंथात ‘मुलिएर’ची फोड ‘मऊपणा’वरून केली आणि पुरुषाला बळाशी जोडलं, मध्ययुगात तो ग्रंथ युरोपभर वाचला गेला. जुन्या वळणाचं, लॅटिन पाठ असलेलं एखादं पात्र बोलत असेल, तरच तिथे हा शब्द शोभेल.

‘फेमिनिनिटी’चं मूळ सुंदर आहे. ‘फेमिना’ आणि आपली ‘धेनु’ एकाच जुन्या धातूतून आल्या, त्याचा अर्थ दूध पिणं-पाजणं. पण आजच्या वापरात हा शब्द वागण्या-दिसण्यातल्या नजाकतीकडे झुकतो. मूळ मजकुरात तेच असेल तर घ्या.

राहिला ‘वूमनहुड’. रोजचा म्हणून तो सपाट वाटतो, पण त्याच्या पोटात जुन्या इंग्रजीतला ‘वीफमन’ आहे: ‘वीफ’ म्हणजे बाई, ‘मन’ म्हणजे माणूस, मग तो पुरुष असो वा स्त्री. शब्दाला शब्द लावला तर आपलं ‘बाईमाणूस’! आणि ‘हुड’ म्हणजे स्थिती, दर्जा. ‘बाई झाली म्हणून काय, माणूसच ना ती’ असा सूर तुमच्या कथेत असेल, तर बिनधास्त ‘वूमनहुड’ लिहा.