एअरट्रॉनिक डी२ हीटर, शिडाच्या बोटीत बसवल्यावर

हीटर एकदम झकास आहे, पण खरी गंमत फिटिंगमधे आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ऑक्टोबरनंतर बोटीत गाद्या, कपडे सगळंच दमट, म्हणून हा घेतला, २.२ किलोवॅटचा, १२ व्होल्टवर चालतो, डिझेल बोटीच्याच टाकीतलं आणि फुल्लवर तासाला पाव लिटरच्या आसपास. धूर वेगळ्या पाइपने बाहेर जातो, केबिनमधे फक्त गरम कोरडी हवा येते, खिडक्यांना घाम येत नाही, गॅस पेटवून ऊब घेतली तर उलट ओल वाढते.

एक्झॉस्टचं काम मात्र उभं राहून करून घ्या. पाइप बाहेर काढण्याआधी आत उंच वळसा पाहिजेच नाहीतर मागून लाट आली की पाणी थेट हीटरमधे, आणि वरून लॅगिंग म्हणजे उष्णतारोधक पट्टी गुंडाळलेली हवी, चटका जबरदस्त बसतो. लॉकरमधला डक्ट, म्हणजे गरम हवेचा पाइपही इन्सुलेट करा, नाहीतर पुढच्या केबिनला नुसती कोमट हवा. सुरू होताना ग्लो पिन (डिझेल पेटवणारी तापती पिन) बॅटरी बरीच खाते, वायर जाडच घ्या. बंद कायम बटणानेच, पंखा थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका. डिझेल पंपाची टिकटिक झोपायच्या जागेपासून लांब ठेवा, रबरी क्लिप लावा. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय हीटर चालू करायचा नाही म्हणजे नाही.